लॅपटॉपची गादी

आमच्या घरात एखाद्या वस्तूचा मान राखायचा म्हणजे तिच्याखाली गादी घालायची. अम्मीच्या शिलाई मशीनच्या स्टुलावर गादी होती, टीव्हीखाली होती, आणि माझ्या लहानपणी घरात पहिला मिक्सर आला तेव्हा त्याच्याखालीही अब्बांनी बोटभर जाडीची गादी शिवून घातली होती. मिक्सर सुरू केला की तो त्या गादीवरून हळूहळू सरकत ओट्याच्या कडेला यायचा आणि अम्मी एका हातानं त्याला धरून ठेवायची. पण ही गादी काढा, असं तिनं अब्बांना कधी म्हटलं नाही. हा एक गुण मी तिच्याकडून घेतला असावा, कारण बाकी सगळीकडे माझं तोंड बरंच चालतं.

आम्ही पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या, उशा, लोड भरायचे, हा घरचा धंदा. आजोबा तामलवाडीहून खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचे. अब्बा धाराशिवला आले, बोळात घर घेतलं, पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोटरीवर चालणारं पिंजायचं मशीन बसवलं, आणि मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. कापूस आमच्या डाळीत असतो, केसांत असतो, धुऊन वाळत घातलेल्या कपड्यांवर असतो. अब्बांच्या छातीतही तो गेलेला आहे. त्यांचा खोकला एकदा सुरू झाला की बोळाच्या टोकाला ऐकू जातो.

अम्मी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी तिशीची. सहा वर्षं एका खासगी शाळेत मराठी शिकवलं, मग शाळेनं पुढच्या वर्षी येऊ नका म्हणून सांगितलं. पुण्याच्या मावसबहिणीनं तिच्या ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, जूनपासून ये म्हणाली. त्याच सुमारास मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीची जाहिरात दिसली. घरबसल्या मजकूर तपासायचं काम. त्यासाठी आधी घरूनच, कॅमेऱ्यासमोर बसून, तीन तासांची परीक्षा. पास झाले तर अब्बांना सोडून कुठं जायचं नव्हतं. नापास झाले तर जूनमध्ये पुणे. अब्बा "जा की, माझं म्या बघतो" म्हणत होते, पण त्यांना चहासुद्धा उतू न घालवता करता येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

पहिली परीक्षा मी एप्रिलमध्ये दिली. लॅपटॉप जुना, दुसऱ्याचा वापरलेला. नेहमीसारखी मी पलंगावर बसले, मांडीशी उशी, समोर गादीवर लॅपटॉप. पलंगावर तीन गाद्या आहेत. पिंजाऱ्याचं घर आहे. चाळीस मिनिटं झाली असतील. आतला पंखा आधी घरघरला, मग किंचाळायला लागला, कीबोर्ड इतका तापला की बोटं उचलून उचलून टाइप करायची वेळ आली, आणि मग एकदम पडदा काळा. मी बटण दाबत राहिले. पाच मिनिटांनी तो सुरू झाला तेव्हा परीक्षा संपलेली होती. मी त्या कंपनीला लांबलचक ईमेल लिहिला, त्यात जितकी नम्रता माझ्याकडे होती तेवढी सगळी घातली. चार दिवसांनी उत्तर आलं: तांत्रिक अडचण समजू शकतो, मे महिन्यात आणखी एक संधी देत आहोत, त्यानंतर नाही.

मी लॅपटॉप घेऊन बसस्टँडजवळच्या मेकॅनिककडे गेले. पन्नाशीचा माणूस, नाकावर चष्मा, कामापुरतंच बोलणारा. त्यानं खालचे स्क्रू काढले, पाठ उघडली आणि बराच वेळ नुसता बघत बसला.

"ताई, ह्याच्यात तर उशी भरलीय," तो म्हणाला.

पंख्याच्या पुढं तांब्याच्या पातळ पट्ट्यांची एक जाळी असते. आतला ताप त्या पट्ट्यांमध्ये येतो आणि पंख्याची हवा तो बाहेर ढकलते. ती जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर राखाडी कापसाचा घट्ट थर बसला होता. त्यानं चिमट्यानं कोपरा धरला आणि अख्खा थर एका तुकड्यात उचलून माझ्या हातावर ठेवला. आमचाच कापूस होता, दबून दबून कापडासारखा झालेला. मग त्यानं प्रोसेसरवरचं जुनं मलम दाखवलं. हे मलम प्रोसेसरचा ताप तांब्याच्या नळीपर्यंत नेतं, पण ते वाळून त्याची खपली झाली होती. त्यानं ती खरवडली, जागा स्पिरिटनं पुसली आणि मसुराच्या डाळीएवढा नवा ठिपका लावला. आता हा पाच वर्षं बघायला नको, म्हणाला. शेवटी पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसेल असा छोटा प्रोग्राम घालून दिला.

"हा आतला ताप. पंच्याऐंशीपर्यंत काळजी न्हाय. नव्वदच्या वर गेला की हा स्वतःच दमानं चालायला लागतो, अक्षरं उशिरा उमटतात. शंभराजवळ गेला की जीव वाचवायला बंद पडतो. तसाच तुमचा पडला. हवा खालून आत जाते, बाजूनं बाहेर येते. खालचं तोंड दाबू नका. पलंगावर न्हाय, उशीवर न्हाय, गादीवर तर अजिबात न्हाय." त्यानं शेवटचा स्क्रू पिळला. "वडील काय करतात तुमचे?"

"गाद्या," मी म्हणाले.

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "मग अवघड हाय," म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

घरी आले तर माझ्या टेबलावर गादी होती.

लॅपटॉपच्या मापाची, बरोबर, बोटाचाही फरक नाही. काम नसलं की लॅपटॉप टेबलावर असायचा; मी नसताना अब्बांनी तिथल्या धुळीत राहिलेल्या खुणेवरून माप घेतलं होतं. लाल फुलांचं कापड, चारी कडांना दुहेरी शिवण, वर हिशोबानं घातलेले नऊ टाके, आणि आत देशी कापूस, जो ते लग्नाच्या गादीशिवाय काढत नाहीत. अब्बा दारात उभे होते, खांद्यावरचा रुमाल हातात घेऊन.

"एरवी कडक टेबलावर बसतंय ते," अब्बा म्हणाले. "हादरे बसत असतील आतल्या नाजूक कामाला. म्हणून बंद पडलं. आता न्हाय पडायचं."

मी एका चपलेच्या जोडीसाठी तीन वेळा दुकानात जाऊन भांडलेली बाई आहे. कंडक्टरनं उरलेले सुट्टे पैसे दिले नाहीत तर मी येडशीपर्यंत त्याचं डोकं खाते. त्या दिवशी मी म्हणाले, "लई छान झालीय, अब्बा." आणि लॅपटॉप त्या गादीवर ठेवला.

तिथून पुढचे तीन आठवडे मी घरात चोरासारखी वागले. अब्बा शेडमध्ये असले की मी गादी कपाटात ठेवायचे आणि लॅपटॉपच्या चार कोपऱ्यांखाली कोल्ड्रिंकच्या बाटल्यांची चार झाकणं सरकवायचे. खालून बोटभर हवा खेळायची आणि कोपऱ्यातला आकडा ऐंशीच्या आसपास गप बसायचा. पिंजायच्या मशीनचा आवाज थांबला की झाकणं खिशात, गादी खाली. एकदा अब्बा चहाचा कप घेऊन माझ्याशेजारी बसले आणि वीस मिनिटं बोलत राहिले. मी हो हो म्हणत होते आणि नजर कोपऱ्यात. शहाऐंशी, नव्वद, चौऱ्याण्णव. त्यांचा चहा संपायच्या आत मी कसलं तरी निमित्त काढून लॅपटॉप बंद केला. त्या वेळी बोलायला हवं होतं. रोज वाटायचं, आज सांगू, आणि रोज ती लाल फुलं आणि ते नऊ टाके बघून जीभ वळायची नाही. मला माझाच राग यायचा आणि तो मी भाजीवाल्यावर काढायचे.

परीक्षेचा दिवस मेमधला, दुपारी दोन ते पाच. पत्रे तापून टकटक वाजत होते. कूलर लावता येत नव्हता, कारण खोलीत आवाज झाला तर सॉफ्टवेअर त्याची नोंद घेतं. नियम बरेच होते. खोलीत दुसरं कोणी नको. बोलायचं नाही. नजर पडद्यावरून फार वेळ हटता कामा नये. कॅमेरा हलता कामा नये. एक चूक झाली की सूचना येणार, दुसऱ्या चुकीला परीक्षा बंद. मी टेबल खिडकीला लावलं होतं, म्हणजे माझ्या मागं कोरी भिंत येईल. लॅपटॉपची पाठ खिडकीकडं. खिडकी बोळात उघडते, तिला नुसते गज आहेत. वाऱ्यासाठी दारं उघडी ठेवली होती. चार झाकणं टेबलावर आपापल्या जागी मांडून ठेवली होती.

अब्बांनी त्या दिवशी मशीन बंद ठेवलं. सकाळपासून ओट्यावर बसून बोळातून जाणाऱ्या प्रत्येकाला "हळू बोला, आत परीक्षा हाय" म्हणत होते. टरबुजाच्या गाड्यावाल्याला त्यांनी वळसा घालायला लावला. पावणेदोनला ते आत आले. टेबल रुमालानं पुसलं. झाकणं उचलली.

"हे कशाला ठिवलंय इथं?" म्हणाले आणि ती खिडकीच्या चौकटीवर ठेवून दिली. मग गादी शोधत कपाट उघडलं, ती काढली, दोन थापा मारून फुगवली, टेबलावर अंथरली, आणि लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून तिच्यावर ठेवला. "बस आता. अल्ला बरकत देईल."

मी म्हटलं, हे बाहेर गेले की बदलू. ते जाईनात. पडद्यावर माझं ओळखपत्र मागितलं, खोली फिरवून दाखवायला सांगितलं. ते दाराबाहेर झाले आणि दार ओढून घेतलं, पण फटीतून बघत उभे राहिले. मी लॅपटॉप उचलून चारी भिंती दाखवल्या आणि परत ठेवताना बघितलं तर ते अजून फटीत. मी तो गादीवरच ठेवला. पडद्यावर अक्षरं आली: कॅमेरा स्थिर झाला आहे, यापुढे हलवू नये. आणि परीक्षा सुरू झाली. दाराची फट मिटली.

परीक्षेच्या सॉफ्टवेअरनं अख्खा पडदा व्यापला होता. कोपऱ्यातला आकडा त्याच्याखाली गेला. तीन आठवडे ज्या आकड्यावर माझा जीव टांगला होता, तो आता दिसत नव्हता.

पहिला भाग उतारे तपासण्याचा होता आणि तो बरा चालला. अर्ध्या तासानं पंखा सुरू झाला. आधी हलका, मग घरघर. माझ्या तळहाताखाली प्लास्टिक कोमट झालं. मी स्वतःला सांगत होते, नवं मलम आहे, जाळी साफ आहे, एप्रिलसारखं होणार नाही. पाऊण तासानं ते कोमट राहिलं नव्हतं. मग मी एक शब्द टाइप केला आणि तो उमटलाच नाही. मी थांबले. एक, दोन, आणि मग अख्खा शब्द एकदम आला. मेकॅनिकनं सांगितलं होतं तसंच. नव्वदच्या वर गेला होता.

मला काय करायचं ते माहीत होतं. फक्त खालची गादी ओढून काढायची. चार झाकणं समोरच चौकटीवर पडलेली. मी चेहरा स्थिर ठेवला, डाव्या हातानं लॅपटॉपचा कोपरा केसभर उचलला आणि उजव्या हातानं गादी ओढायला गेले. कापडावर कापड असतं तर सरकलं असतं. रबराचे पाय लाल फुलांत रुतून बसले होते. पडदा हलला आणि मधोमध पिवळी चौकट आली. कॅमेरा हलला आहे. ही पहिली आणि शेवटची सूचना.

घड्याळात एक तास पंचावन्न मिनिटं बाकी होती. मी हिशोब केला: एप्रिलमध्ये पंखा किंचाळायला लागल्यापासून दहाएक मिनिटांत लॅपटॉप बंद पडला होता. पंखा अजून किंचाळत नव्हता, पण त्याच्या जवळ आला होता. हाक मारता येत नव्हती, उठता येत नव्हतं, लॅपटॉप हलवता येत नव्हता. आणि हे सगळं माझ्या एका न उच्चारलेल्या वाक्यामुळं. अब्बा, ह्याला गादी चालत नाही. पाच शब्द. तीन आठवडे मिळाले होते मला. मी पुढचा उतारा वाचत होते आणि त्यातलं एक अक्षर डोक्यात जात नव्हतं.

पंखा किंचाळायला लागला.

तेवढ्यात पडद्याच्या वरच्या कडेपलीकडं, खिडकीत, पांढरी टोपी दिसली. अब्बा. ते बोळातून खिडकीशी येऊन उभे होते, मान एका बाजूला कललेली. मशीनमध्ये कापूस अडकला की ते असेच कान देऊन उभे राहतात. मी त्यांच्याकडं बघू शकत नव्हते. नजर पडद्यावरून हटली की दुसरी चूक, आणि दुसरी चूक म्हणजे शेवट. मी समोरच्या ओळींवर डोळे रोवले आणि डोळ्याच्या वरच्या कडेनं फक्त ती टोपी दिसत राहिली. ते चौकटीवरच्या झाकणांकडं बघत होते. मग लॅपटॉपखालच्या गादीकडं. बराच वेळ बघितलं, किंवा मला तो बराच वाटला. मग टोपी दिसेनाशी झाली.

परत आले तेव्हा हात गजांतून आत आला असावा. पडद्याआड असल्यामुळं मला तो दिसला नाही. मला कात्रीचा एकच बारीक आवाज ऐकू आला. अब्बांच्या शिवणीची गाठ एका ठरावीक कोपऱ्यात असते, ती कापली की सगळा दोरा ओढून निघतो. दुसऱ्या कोणाला ती गादी उसवायला अर्धा तास लागला असता. मग माझ्या तळहातांखाली लॅपटॉप अगदी किंचित, तांदळाच्या दाण्याएवढा, खाली बसला. मला एकदम कळलं. ते आतला कापूस काढत होते, चिमूट चिमूट.

मी दोन्ही तळहात कीबोर्डच्या दोन बाजूंना टेकवले. डावी बाजू बसायला लागली की मी उजवीकडं थोडा भार द्यायचे, म्हणजे पडदा कलणार नाही. बोटं टाइप करत होती आणि तळहात तोल सांभाळत होते. अब्बा डावीकडून एक चिमूट काढायचे, मग थांबायचे, मग उजवीकडून एक. घाई केली असती तर कॅमेरा हलला असता. त्यांनी घाई केली नाही. चाळीस वर्षं जो माणूस गादी सगळीकडून सारखी भरत आला, तो ती सगळीकडून सारखी रिकामी करत होता.

खोलीत दुसरं कोणी नसावं, असा नियम होता. अब्बा खोलीत नव्हते, बोळात होते. मी अजूनही स्वतःला हेच सांगते.

सगळा कापूस त्यांनी काढला नाही. दोन कडांना ठेवला, मधला काढला. मग कापडाचा मधला भाग कापला, कात्रीचे चार आवाज. आता लॅपटॉप दोन कडांवर बसला होता आणि खाली बोगदा झाला होता. त्या बोगद्यातून माझ्या मनगटांना वारा लागायला लागला. ते पलीकडून पुठ्ठ्यानं वारा घालत होते, हळू, आवाज न करता. बाहेरची हवा काही गार नव्हती, मेची दुपार होती, पण ती वाहत होती, आणि तेवढंच हवं होतं.

पंखा तरी किंचाळतच होता. एक मिनिट, दोन मिनिटं. अक्षरं अजून उशिरा येत होती. मी मनात आकडे लावत होते, सत्त्याण्णव असेल, अठ्ठ्याण्णव असेल. तेवढ्यात पलीकडून एक आवाज आला, घशात दाबलेला. मोकळ्या झालेल्या कापसाचे तंतू अब्बांच्या नाकातोंडात गेले होते. खोकला येत होता. माइक चालू होता. माझी बोटं थांबली. टोपी थरथरली, मग पुठ्ठा पडल्याचा बारीकसा आवाज, आणि खिडकी रिकामी झाली. मी वाट बघत राहिले. काही ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळानं, पार बोळाच्या टोकाकडून, कोणीतरी खोकत असल्याचा आवाज आला, इतका लांबून की तो कोणाचाही असू शकला असता. गुडघे दुखतात म्हणून ज्यांना मशिदीपर्यंत जायला दहा मिनिटं लागतात, ते तिथपर्यंत कसे पोचले मला ठाऊक नाही.

ते परत आले. पुठ्ठा परत हलायला लागला. आणि कधीतरी माझ्या लक्षात आलं की पंख्याचा आवाज उतरलाय. टाइप केलेलं अक्षर बोटाबरोबर उमटत होतं.

शेवटच्या भागात एक पत्र लिहायचं होतं. एका लेखकानं मन लावून गोष्ट लिहिलीय, पण तिच्यात मोठी चूक आहे. त्याला न दुखावता ती कळवा. मी पहिलं वाक्य लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. खिडकीतून वारा येत होता. मला रडायला येत होतं आणि रडताना कॅमेऱ्यात दिसणं नियमात बसतं की नाही हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी रडले नाही. चार मिनिटं शिल्लक असताना मी शेवटचं बटण दाबलं.

बाहेर आले तेव्हा अब्बा ओट्यावर बसले होते. मांडीवर देशी कापसाचा ढीग, त्यातला काडीकचरा वेचत होते. तोंड लाल, डोळे पाणावलेले. मी आभार मानायला हवे होते. माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"तुम्हाला खिडकीत यायला कुणी सांगितलं होतं? आवाज झाला असता तर सगळं गेलं असतं माझं."

"मोटर रडत व्हती," ते म्हणाले. "कापूस जास्त गेला की आपली मोटर बी अशीच रडती. म्या येऊन बघितलं तर तुझं मशीन गादीवर नाक दाबून बसल्यालं." त्यांनी एक काडी काढून बाजूला टाकली. "ती झाकणं त्यासाठीच व्हती व्हय?"

"व्हय."

"किती दिसापासनं?"

"तुम्ही गादी केली तवापासनं."

त्यांनी मुठीतला कापूस ढिगावर ठेवला. "गिऱ्हाईक मला तोंडावर सांगतं," म्हणाले. "गादी टोचती, उशी दगड झालीय, पुन्हा करा. आणून समोर टाकतं. म्या पुन्हा करून देतो. त्यात काय एवढं? परक्या मानसाला सांगता येतं, ते तुला आलं न्हाय?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. मी त्यांच्याशेजारी बसले आणि कापसातल्या काड्या वेचायला लागले.

बाराव्या दिवशी ईमेल आला. काम मिळालं होतं. मी पुण्याला फोन करून येत नाही म्हणून कळवलं आणि मग शेडमध्ये जाऊन अब्बांना सांगितलं. त्यांनी मशीन बंद केलं.

"काम काय असतंय त्यात?"

"दुसऱ्यानं लिहिलेलं वाचायचं. चुका काढायच्या आणि त्याला सांगायच्या."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "जमंल तुला?" ते चेष्टेनं म्हणाले नव्हते, खरंच विचारत होते.

आठवड्याभरानं सकाळी मी कामाला बसले होते, झाकणांवर, उघडपणे. अब्बा आत आले आणि त्यांनी टेबलावर नवी वस्तू ठेवली. मनगटाएवढे दोन छोटे लोड, दोन पट्ट्यांनी जोडलेले, मध्ये पोकळी. कापड या वेळी निळं, घट्ट विणीचं. मापात चूक नाही. त्यांनी स्वतः लॅपटॉप त्यावर ठेवला आणि हात मागं बांधून उभे राहिले.

मी कोपऱ्यातला आकडा बघितला. अठ्ठ्याहत्तर. झाकणांपेक्षाही कमी. हवा चांगली खेळत होती. मी वाकून खाली बघितलं. डाव्या लोडाच्या शिवणीतून कापसाचा एक केसाएवढा तंतू बाहेर आला होता आणि पंख्याच्या तोंडाकडं ओढला जाऊन थरथरत होता. या घरात बरंच काही बोललं गेलं असेल, पण ते एक वाक्य आजोबांच्या काळापासून कोणी बोललं नसावं.

"अब्बा," मी म्हणाले. "पोकळी बरोबर झालीय. उंची पण बरोबर हाय. पण कापूसच नको. कापूस पंख्यात जातो. मागं मेकॅनिकनं आतनं अख्खी उशी काढली होती, आपलाच कापूस होता."

अब्बा खाली वाकले. तो तंतू त्यांनी बोटाच्या टोकानं धरला, ओढून काढला, उजेडात धरून बघितला. बाहेर कोणीतरी गिऱ्हाईक आवाज देत होतं.

"जमतंय की तुला," ते म्हणाले, आणि लॅपटॉप उचलून माझ्या हातात देऊन त्यांनी खिशातून कात्री काढली.